चार तुकडे, एक काठी

दोस्तांनो, कंपासपेटी उघडा आणि मागे खोडरबर असलेली पेन्सिल बाहेर काढा. लाकडाची आणि रबराची एरवी काही ओळख नाही. तरी ती दोघं एकमेकांना घट्ट धरून असतात, कारण मध्ये पत्र्याची छोटीशी कडी आहे. चित्रकलेच्या ब्रशचे केस दांड्यापाशी धरून ठेवते ती कडी तिचीच बहीण. आजोबांच्या काठीच्या टोकाला असते ती शेंबीही याच घराण्यातली. इंग्रजीत या सगळ्यांना एकच नाव आहे, फेरूल. लॅटिन भाषेत 'व्हिरिओला' म्हणजे छोटं कंकण. हा शब्द बदलत बदलत फेरूल झाला. कंकण म्हटल्यावर कसं लगेच लक्षात येतं, नाही का?

आज ज्या फेरूलची गोष्ट सांगायची आहे ते मात्र मासे पकडायच्या काठीतलं आहे. आणि गंमत म्हणजे त्यात पुष्कळदा कडी नसतेच! मग जोड कशाने टिकतो? तेच पाहायचं आहे.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना खाडी नवी नाही. कापूरबावडीहून निघालं की मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असं करत रस्ता गायमुखला पोचतो. डाव्या हाताला डोंगर आणि जंगल, उजव्या हाताला एकदम पाणी. ही उल्हास नदीची खाडी. ती पुढे घोडबंदरच्या किल्ल्यावरून वसईकडे जाते आणि समुद्राला मिळते. इथे मासे पकडायच्या किती तऱ्हा दिसतात! कोळी बांधवांच्या होड्या आणि जाळी तर आहेतच. काठावर कुणी नुसती तंगूस हाताच्या बोटांवर धरून बसलेलं असतं. कुणाच्या हातात रीळ लावलेला रॉड असतो. हा रॉड नीट पाहिलात तर मधोमध एक सांधा दिसेल. म्हणजे रॉड दोन तुकड्यांचा आहे.

फ्लाय रॉड नावाची काठी मात्र आपल्या खाडीवर सहसा दिसत नाही. फ्लाय म्हणजे माशी. पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून माशीसारखा, किड्यासारखा दिसणारा एक खोटा किडा बनवतात, आणि पाण्यावरचे किडे खाणाऱ्या माशांना त्याने फसवतात. आता विचार करा. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन बांधलेलं असतं, ते फेकलं की मागोमाग तंगूस जाते. पिसाच्या किड्याला वजनच नाही. तो फेकला तर तुमच्याच पायाशी पडेल. म्हणून इथे वजन दोरीला दिलेलं असतं. जाड, गुळगुळीत दोरी पुढे-मागे आसुडासारखी फिरवायची आणि शेवटी पुढे सोडायची. त्यासाठी काठी हवी लांब, हलकी आणि स्प्रिंगसारखी लवचीक. साधारण 9 फूट लांबीची फ्लाय रॉड सर्रास वापरतात.

नऊ फुटांची काठी घेऊन ठाणे स्टेशनवरून लोकलमध्ये चढून दाखवा बरं! म्हणून तिचे तुकडे करावे लागले. पण खरी अडचण पुढेच आहे. तुकडे जोडल्यावर ती एकच काठी असल्यासारखी वाकली पाहिजे. जोडापाशी ताठ राहिली तर झोका बिघडतो. जोडापाशी ढिली राहिली तर मोडते.

आमच्या शाळेजवळ राहणाऱ्या एका निवृत्त आजोबांकडे अशी काठी आहे. त्यांच्या मुलीने ती त्यांना परदेशातून आणून दिली. डोंगराकडच्या नद्यांवर ते वर्षातून एकदा जातात, महाशीर पकडतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. एका शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला ते काठी घेऊन वर्गात आले. मुलांना वाटलं होतं, बांबूएवढं काहीतरी लांबलचक येणार. आजोबांच्या हातात होती फक्त एक नळी, आपल्या वर्गातल्या मीटरपट्टीपेक्षाही आखूड. मुलांचे चेहरे पडले. मग त्यांनी नळीतून कापडी पिशवी काढली, पिशवीच्या चार कप्प्यांतून चार तुकडे काढले आणि म्हणाले, "आधी हिशेब करा. मग जोडू."

हिशेब तुम्हीही करा. 9 फूट म्हणजे 108 इंच. चार तुकडे म्हणजे जोड किती? चार नव्हे, तीन! (वर्गातल्या निम्म्या मुलांनी चार सांगितलं. कुंपणाच्या खांबांचं गणित आठवा.) प्रत्येक जोडात एक तुकडा दुसऱ्यात साधारण 2 इंच शिरतो असं धरू. म्हणजे 6 इंच लांबी एकमेकांत लपली. मग तुकड्यांची एकूण लांबी 108 अधिक 6, म्हणजे 114 इंच. भागिले चार. उत्तर साडेअठ्ठावीस इंच, म्हणजे सुमारे 72 सेंटिमीटर. दोनच तुकडे केले असते तर प्रत्येक तुकडा 55 इंचांचा झाला असता आणि पाचवीतल्या मुलाच्या उंचीला येऊन टेकला असता.

आता जोडाकडे. मुलांनी तुकडे हातात घेऊन फिरवून पाहिले. स्क्रू नाही, आटे नाहीत, खटका नाही, कडी नाही. काठी पोकळ आहे. वरच्या तुकड्याचं खालचं तोंड थोडं रुंद केलेलं आहे आणि ते खालच्या तुकड्याच्या शेंड्यावर टोपणासारखं बसतं, एवढंच. मग ते निघून का येत नाही?

याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. स्टीलचे पेले एकात एक रचून ठेवले की कधी कधी असे अडकतात की आई आणि बाबा दोघांनी ओढले तरी सुटत नाहीत. पेला तळाशी अरुंद आणि वर रुंद असतो, म्हणजे निमुळता. आतला पेला खाली सरकतो आणि बाहेरच्या पेल्याच्या भिंतीत पाचरीसारखा बसतो. भिंती एकमेकींवर दाबल्या जातात आणि घर्षणाने धरून ठेवतात. पण रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी नारिंगी शंकू एकावर एक रचलेले असतात ते पाहा. (घोडबंदर रोडवर ते शोधायला लांब जावं लागत नाही!) तेही निमुळतेच, तरी एका हाताने सहज सुटतात. असं का? कारण शंकूचा उतार जास्त आहे. उतार जितका कमी, तितकी पाचर घट्ट.

तुमचे बाबा किंवा काका वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत असतील तर त्यांना 'मोर्स टेपर' म्हणजे काय ते विचारा. मोठ्या ड्रिलचा दांडा मशीनमध्ये स्क्रूने बसवत नाहीत. तो निमुळता असतो, भोकही तसंच निमुळतं असतं, आणि तो नुसता वर ठोसला की धरून बसतो. लोखंडात भोक पाडताना सुद्धा त्या पकडीचा केवढा उपयोग होतो! काढायचा झाला तर फटीत पट्टीसारखी पाचर घालून ठोकावी लागते. अमेरिकेत मोर्स नावाच्या माणसाने 1860 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. त्यात दर 20 मिलिमीटर लांबीला जाडी साधारण 1 मिलिमीटरने कमी होते.

काठीचा उतार किती? आजोबांच्या काठीचा बुडखा पेन्सिलीपेक्षा थोडा जाड, 10 मिलिमीटर धरू. शेंडा काडेपेटीतल्या काडीएवढा, 2 मिलिमीटर धरू. 2740 मिलिमीटर लांबीत जाडी फक्त 8 मिलिमीटरने कमी झाली. म्हणजे 1 मिलिमीटर बारीक व्हायला सुमारे 340 मिलिमीटर लांबी लागली. एका फुटाहून जास्त! हा हिशेब ढोबळ आहे, कारण काठीचा उतार सगळीकडे सारखा नसतो. पण त्यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. समजा, वापरून वापरून जोडाचा पृष्ठभाग झिजला आणि जाडी केवळ 0.01 मिलिमीटरने कमी झाली. केसाच्या जाडीचा हा लहानसा हिस्सा, डोळ्याला दिसणारही नाही. पण पुन्हा घट्ट बसायला तुकड्याला 340 च्या शंभराव्या भागाइतकं, म्हणजे 3.4 मिलिमीटर जास्त आत जावं लागेल. ते डोळ्याला अगदी स्वच्छ दिसतं!

म्हणूनच काही काठ्यांत एक चमत्कारिक फट मुद्दाम ठेवलेली असते. या काठ्यांचा जोड वेगळा. खालच्या तुकड्याच्या पोकळीत एक खुंटी चिकटवून बसवतात. तिचा अर्धा भाग बाहेर राहतो आणि वरचा तुकडा तिच्यावर चढतो. जोडल्यावर दोन्ही तुकड्यांची तोंडं एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये थोडी खुंटी उघडी दिसते. नवा माणूस घाबरतो, जोर लावून ती फट बंद करायला बघतो. तसं करायचं नसतं, बरं का! ती फट म्हणजे झिजेसाठी ठेवलेली शिल्लक आहे. दर वर्षी जोड थोडा आत सरकतो, फट थोडी कमी होते. ज्या दिवशी तोंडाला तोंड भिडेल त्या दिवसापासून पाचरीला आणखी आत जायला जागा नाही. मग जोड ढिला.

म्हणजे आधी वाटलं होतं त्याच्या उलट निघालं. जिथे फट दिसते तो जोड पक्का, आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे शंका घ्यायची.

निमुळत्याऐवजी सरळ नळीत सरळ नळी घातली तर काय बिघडलं? करून पाहा. सरळ नळ्यांची मापं तंतोतंत जुळावी लागतात. थोडी जाड झाली तर आत जात नाही, थोडी बारीक झाली तर खडखडते. निमुळता जोड आपलं माप आपणच शोधतो.

धातूच्या फेरूलमध्ये मात्र अशा सरळ नळ्याच असतात, आणि म्हणून ती बनवणं हे कसबी कारागिराचं काम. चांगली जुळलेली जोडी ओढून सोडवली तर बाटलीचं बूच निघावं तसा 'टॉक्' असा आवाज येतो. या फेरूलसाठी जर्मन सिल्व्हर वापरतात. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू, चांदी त्यात नावालाही नाही. (आपली आजी ज्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणते ते वेगळं, ते ॲल्युमिनियमचं.) धातूची फेरूल लावत ती बांबूच्या काठ्यांना. आणि या बांबूचा आपल्या देशाशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर काठीसाठी जो बांबू वापरत तो कलकत्त्याहून जाई. त्याला ते 'कलकत्ता केन' म्हणत. बांबू चिरून त्याच्या सहा लांब पट्ट्या करायच्या, प्रत्येक पट्टी त्रिकोणी तासायची आणि सहाही एकत्र चिकटवायच्या. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा असतो. सहा साठे तीनशे साठ! मध्ये पोकळी उरत नाही आणि काठी षटकोनी होते. पुढे दक्षिण चीनमधला बांबू अधिक चांगला ठरला आणि कलकत्त्याचा माल मागे पडला.

त्याही आधी? 1496 साली, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचला त्याच्या दोन वर्षं आधी, इंग्लंडमध्ये छापलेल्या एका पुस्तकात अशी काठी करायची कृती दिली आहे. खालचा दांडा तापवलेल्या सळईने आरपार पोकळ करायचा, फुटू नये म्हणून टोकांना धातूची कडी बसवायची आणि वरचा बारीक भाग त्या पोकळीत लपवून ठेवायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस हातात काठी घेऊन फिरायला निघाला आहे!

आणखी एक जुनी पद्धत आहे, तीत फेरूलच नाही. दोन तुकड्यांच्या टोकांना लांब तिरका काप द्यायचा, काप कापावर ठेवायचा आणि वरून मेण लावलेल्या दोऱ्याने आवळून बांधायचं. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांनी आंब्याचं कलम बांधताना हे पाहिलं असेल. पाचर कलमात तर एका फांदीला पाचरीचा आकार देऊन दुसरीच्या चिरेत बसवतात. आणि तुमची क्रिकेटची बॅट? तिची मूठ आणि फळी एकाच लाकडाची नसते. मूठ वेताची, फळी विलोची. फळीत इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच असते आणि मुठीचं टोक पाचरीसारखं त्या खाचेत चिकटवलेलं असतं. बॅट उलटसुलट करून पाहा, ती रेघ सापडेल. तिरक्या कापाचा जोड काठीबरोबर छान वाकतो. फक्त पाण्याकाठी उभं राहून दर वेळी बांधत बसायला वेळ फार लागतो.

काचतंतूंच्या आणि 1970 च्या दशकापासून कार्बनतंतूंच्या पोकळ काठ्या आल्या, आणि नळीवर नळी चढवणारा आजचा जोड घरोघरी गेला. जोडाला वेगळा धातू नाही, म्हणजे जास्तीचं वजन नाही आणि मध्येच ताठ पडणारी जागाही नाही.

आजोबांनी आमच्या वर्गात काठी कशी जोडली ते सांगते. सुरुवात शेंड्याकडून. आधी सगळ्यात बारीक दोन तुकडे, मग तिसरा, मग मूठ. हलके तुकडे आधी हातात येतात, म्हणून हे सोपं पडतं. प्रत्येक तुकडा कोरड्या मऊ कापडाने पुसला, कारण खाडीकाठच्या वाळूचा एक कण जोडात राहिला तरी ओरखडा पडतो. मग दोन्ही तुकड्यांवरच्या दोरी जायच्या रिंगा सरळ रेषेत न ठेवता थोड्या वाकड्या ठेवल्या, तुकडा हलकेच आत सरकवला आणि सरकवता सरकवता पिळत रिंगा एका ओळीत आणल्या. त्या थोड्याशा पिळाने पकड छान बसते. अनेक काठ्यांवर यासाठी दोन बारीक ठिपके असतात. ठिपक्याला ठिपका आला की झालं. (धातूच्या फेरूलला मात्र पीळ कधी द्यायचा नाही. ती आतून चिकटवलेली असते, पिळलं की डिंक सुटतो. तिथे सरळ आत, सरळ बाहेर.)

"आजोबा, तेल लावू का? मग पटकन जाईल," असं एकाने विचारलंच. तेलाने जोड घसरतो आणि धूळ धरतो. लावायचं तर आत जाणाऱ्या टोकावर साधी मेणबत्ती एकदा घासायची. मेण बसायलाही मदत करतं आणि सुटायलाही.

यानंतर त्यांनी पिशवीतून पाचवा तुकडा काढला. तो मोडका होता. त्यांच्या जुन्या काठीच्या वरच्या तुकड्याचं तोंड, दोन इंच उभं चिरलेलं. सबंध दुपार ते दोरी फेकत राहिले आणि जोडाकडे एकदाही पाहिलं नाही. पुन्हा हिशेब केला आम्ही. मिनिटाला दोनदा फेकलं, असं तीन तास केलं, तर 360 वेळा. दर वेळी काठी पुढे-मागे मिळून चार वेळा वाकली, तर 1440 वेळा! प्रत्येक हिसक्याने जोड किंचित किंचित बाहेर येतो. खुंटा हलवून बळकट करावा असं आपण म्हणतो, काठीचं उलट आहे. हलवलं की ढिलं! तोंड पूर्ण बसलेलं असतं तेव्हा वाकण्याचा जोर दोन इंचांवर वाटला जातो. अर्धवट बाहेर आलं की सगळा जोर तोंडाच्या काठावरच्या एका बिंदूवर येतो, आणि काठ फाटतो. पेनाचं टोपण अर्धवट लावून दाबलं तर त्याला चीर पडते ना, तसंच. नव्या काठ्यांच्या तोंडाशी दोरा घट्ट गुंडाळून वरून व्हार्निश दिलेलं असतं ते याचसाठी. म्हणजे पाहा, धातूची कडी गेली तरी कंकण काही गेलं नाही, दोऱ्याचं झालं.

थोड्या थोड्या वेळाने हात फिरवून जोड तपासायचे, हे आजोबा त्या दिवसापासून करू लागले.

तुम्हाला घरी करून पाहायचं असेल तर जुनी वर्तमानपत्रं घ्या. कागद थोडा तिरका गुंडाळून निमुळत्या सुरळ्या करा, शेवट चिकटपट्टीने बंद करा. एक सुरळी दुसरीत दोन बोटं घाला आणि झुलवा. मग चार बोटं घाला आणि झुलवा. मग बाहेरच्या सुरळीच्या तोंडाशी दोऱ्याचे दहा वेढे द्या आणि पुन्हा झुलवा. कुठे फाटते, कधी फाटते, ते वहीत लिहा. आमच्या वर्गात दोन बोटांची सुरळी पहिल्या तीन-चार झोक्यांतच गळाली.

आता मी एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगणार आहे, आणि आईबाबांनीही ती वाचावी. एका मुलीने आजोबांना विचारलं, "घरूनच जोडून नेली तर? म्हणजे तिथे वेळ जाणार नाही." आजोबा एकदम म्हणाले, "नाही हं, बाळ. ही काठी रस्त्यात जोडायचीच नाही."

कारण कार्बन विजेचा वाहक आहे. पेन्सिलीतलं शिस ग्रॅफाइटचं, म्हणजे कार्बनचंच असतं. टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि तारेचे तुकडे घेऊन मंडलात पेन्सिलीच्या शिसाचा लहान तुकडा जोडा. बल्ब मिणमिणता का होईना, लागतो. (फक्त टॉर्चचे सेल. घरातल्या प्लगशी हा खेळ कधीही नाही!) कार्बनची काठी म्हणजे नऊ फूट लांब तसलंच शिस. आपल्या लोकलच्या डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. एवढ्या दाबाच्या तारेला काठी लागायलाही नको, पुरेशी जवळ गेली तरी वीज हवेतून उडी मारते. परदेशात मासे पकडायला गेलेली माणसं अशा तारांखाली दगावली आहेत. हात उंच करून काठी धरली की तिचं टोक किती वर जातं ते जमिनीवरून नीट कळतही नाही. खाडीकाठी, शेतांवरून, रस्त्याच्या कडेने जिथे जिथे तारा जातात तिथे काठी उभी धरायची नाही आणि जोडायची तर मुळीच नाही. स्टेशनवर, पुलावर, फलाटावर ती तुकड्यांतच, नळीतच राहिली पाहिजे. पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कडाडतात. ढग गडगडले की काठी आडवी ठेवून तिच्यापासून दूर व्हायचं आणि पक्क्या इमारतीत जायचं. आणि मुलांनी खाडीवर एकट्याने जायचंच नाही. भरती चढते तेव्हा चिखलातून पाय लवकर निघत नाही, हे कोळीवाड्यातलं कुणीही सांगेल.

तास संपत आला तेव्हा काठी सोडवायची वेळ आली, आणि मधला जोड अडकला. मुलांना तर आनंदच झाला! चौघं पुढे सरसावली. आजोबांनी त्यांना थांबवलं. एकाने एक टोक आणि दुसऱ्याने दुसरं टोक धरून रस्सीखेच केली तर काठी जोडापाशी सुटत नाही, वाकून मोडते. आणि रिंगांना धरून तर कधीच पिळायचं नाही.

अडकलेला जोड एकट्याने सोडवायची युक्ती अशी. काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरायची, थोडं खाली वाकायचं, दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूंना जोडाच्या दोन्हीकडे ठेवायचे आणि गुडघे हळूहळू बाहेर फाकवायचे. ओढ अगदी सरळ बसते, कारण ती पायांची असते. दोघं असतील तर समोरासमोर उभं राहायचं. दोघांचाही एक-एक हात जोडाच्या या बाजूला, एक-एक त्या बाजूला, आणि दोघांनी एकदम सरळ ओढायचं. धातूची फेरूल असेल तर आतल्या भागाला बर्फ लावतात. धातू थंड झाला की आकसतो. अडकलेल्या पेल्यांनाही हेच औषध आहे. आतल्या पेल्यात थंड पाणी भरा आणि बाहेरचा कोमट पाण्यात ठेवा. काठीला मात्र गरम करायचं नाही, डिंक आणि व्हार्निश दोन्ही बिघडतात.

आमच्या वर्गातला जोड गुडघ्यांच्या युक्तीने सुटला. ती आजोबांनी स्वतः केली नाही, त्यांचे गुडघे दुखतात. मी केली. मुलांना काय, हसायला निमित्तच हवं असतं!

मग प्रत्येक तुकडा पुन्हा पुसला. ओली काठी नळीत बंद केली तर रिंगांना गंज चढतो आणि व्हार्निशला फोड येतात, म्हणून घरी गेल्यावर ती पिशवीबाहेर रात्रभर वाळवायची, असं आजोबांनी सांगितलं. शेंडा सगळ्यात नाजूक, म्हणून तो पिशवीच्या मधल्या कप्प्यात, दोन जाड तुकड्यांच्या मध्ये. एका मुलाने नळीचं झाकण लावण्याआधी मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन, चार." मोडका पाचवा तुकडा आजोबांनी आमच्या विज्ञानाच्या कपाटाला देऊन टाकला.